डाव्या डोळ्याची बेशिस्त

बों अक्योय,
विसर्जनानंतरचा बुधवार, १९८६

चिरंजीव इंद्रजीत यास तुलसीराममामाचे भरघोस आशीर्वाद.

लंडनच्या थंडीत तुझी छाती कशी आहे ते आधी कळव. इकडे बेटावर ऊसतोड जोरात आहे, तुझी आई ठणठणीत आहे, आणि भगवतीमामी हवापालटासाठी तेर रूजला भावाकडे गेली आहे. (हवापालटाचे कारण पुढे येईल. घाई करू नकोस.)

तुझ्या प्रयोगशाळेतल्या सशांचे पत्र पुन्हापुन्हा वाचले. सशाला एक आवाज ऐकवायचा, लगेच त्याच्या एका डोळ्यावर हवेचा झोत सोडायचा. असे पुष्कळदा केले की झोत यायच्या आधीच, नुसत्या आवाजाला, तो डोळा मिटतो. आणि ही शिकवण साठते ती कवटीच्या मागच्या बाजूला दडलेल्या लहान मेंदूत. त्या बाजूचा लहान मेंदू दुखावला, तर झोताला डोळा मिटतो, आवाजाला मात्र मिटत नाही. इथवर मान्य. सशांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण पुढे तू सहज लिहून गेलास, ‘मामा, माणसाचेही असेच असते.’ तिथे मी चष्मा काढून ठेवला. ज्यांचे पणजे मळ्यावर मालकाच्या घंटेला उठले, घंटेला जेवले, घंटेला झोपले आणि तरीही घरात आपली भाषा बोलत राहिले, ती आम्ही माणसे घंटेची गुलाम? मी ठरवले की या सिद्धान्ताचा पराभव मी स्वतःच्या डोळ्याने करीन.

नंदलालला तू ओळखतोस, आपल्या शेजारचा, सायकली दुरुस्त करणारा. त्याने जुन्या चष्म्याच्या डाव्या बाजूला रबरी नळी बांधली आणि तिला पंप जोडला. घंटा मी मराठी मंडळातून आणली. (मंडळात पितळी घंटा एकच. आरतीला तीच, आणि वक्त्याची वेळ संपली हे सांगायलाही तीच. दोन्ही कामांत ती भक्तिभावाने बडवली जाते.) रोज संध्याकाळी मागच्या खोलीत दार लावून नंदलाल घंटा वाजवी आणि लगोलग पंप दाबी, आणि मी इच्छाशक्ती पणाला लावून बसे. काही दिवसांनी नंदलाल म्हणाला, “तोंतों, अहो काका, पंप दाबायच्या आधीच तुमचा डोळा मिटतोय.” मी म्हणालो, धूळ असेल. तो म्हणाला, “रोज? एकाच डोळ्यात?” नंदलालला शास्त्रीय शिस्त नाही, म्हणून मी तो विषय वाढवला नाही.

मग गणपती आले. मंडळात माझे भाषण होते, विषय ‘संयम’. सभागृह भरलेले. वक्त्याने पहिल्या रांगेच्या मध्यभागी नजर ठेवावी हा माझा जुना नियम, आणि त्या मध्यभागी बसल्या होत्या महिला समितीच्या कुंतीबाई. वाणी अशी लागली होती की काय सांगू. इंद्रियांना लगाम घालणारा तोच खरा स्वतंत्र, असे मी म्हणालो आणि चिटणीस राधाकृष्णाने घंटा वाजवली. माझा डावा डोळा मिटला. उजवा मिटला नाही. तो कुंतीबाईंकडेच पाहत होता.

पहिल्या घंटेला थांबणाऱ्यांपैकी मी नव्हे, हे तुला माहीत आहे. त्यामुळे घंटा पुन्हा वाजली, डोळा पुन्हा मिटला. कुंतीबाई पदर सावरून मागच्या रांगेत गेल्या. सभेत कुजबुज सुरू झाली. तेव्हा मी लहान मेंदूचे सविस्तर स्पष्टीकरण द्यायला घेतले, त्यामुळे वेळ आणखी लांबली आणि राधाकृष्णाने घंटा सोडलीच नाही. शेवटी नंदलालच मागून ओरडला, “आरेते, तोंतों, थांबा आता.” तुझी मामी तोवर सभागृहातून निघून गेली होती. घरी पोचलो तर तीही नव्हती आणि तिची पेटीही नव्हती.

तरीही, इंद्रजीत, मी डगमगलेलो नाही. फसला तो माझा डावा डोळा, मी नव्हे. भात मी स्वतः शिजवतो. (तळाशी लागतो, पण तो भाताचा दोष.)

तुझा,
तुलसीराममामा

ता. क. तुझ्या प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह एक दाखला पाठव: सदर गृहस्थाचा डोळा लहान मेंदूमुळे मिटला, मनात काही नव्हते. मामीला दाखवायचा आहे.

ता. क. २. पत्र टाकायचे राहिले आणि मध्येच मी पंप, नळी, चष्मा घेऊन तेर रूजला जाऊन आलो. सगळे मामीपुढे मांडले. ती म्हणाली, “पंप मला ठाऊक होता. रोज भिंतीपलीकडे फुस्स फुस्स चालायचं, मी काय बहिरी आहे? एवढी वर्षं संसार केला, माझ्याकडे बघून तुमची पापणी कधी चुकूनसुद्धा लवली नाही. आणि त्या कुंतीला भर सभेत.” मी पंपाभोवती नळी गुंडाळायला घेतली. मग ती म्हणाली, “शनिवारी येते. भाषण करायचं नाही.”

तेव्हा दाखला नको. अडचण वेगळीच आहे. पंप बंद झाल्यापासून डोळा ढिला पडत चालला आहे; आज घंटेला तो हललासुद्धा नाही. मामी दारात येईल तेव्हा तो तिच्याकडे बघून मिटायला हवा, आणि शनिवार तोंडावर आला आहे. हे पत्र तुला मिळेपर्यंत तो उलटून जाईल, म्हणून सांत्र द फ्लाकच्या तारघरातून तुला तारही करतो आहे. घंटेऐवजी बांगड्यांचा आवाज चालतो का, एवढेच उलट तारेने कळव. नंदलाल पंप घेऊन बसला आहे.