एकेचाळिसाव्या मिनिटाचा अभिप्राय

हॉकरिग,
१४ ऑक्टोबर २०११

प्रिय ऑस्विन,

नाताळाला अजून दोन महिने आहेत, तेव्हा हे कार्ड नाही, पत्र आहे. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. जाण्यासारखी आपल्या घरात आता मी एकटीच उरले आहे, आणि गुडघा सोडला तर माझं बरं चाललंय. बंदरावर जाळी ठेवायची ती जुनी दगडी खोली आठवते ना, तिचं आता संग्रहालय झालंय. चार वल्ही, एक होकायंत्र, मेलेल्या माणसांचे फोटो आणि बारा खुर्च्या. मंगळवार सोडून रोज मी तिथे बसते. लोकांना चहा देते, पडद्यावर ‘बुडता बुडता’ लावते आणि जाताना अभिप्रायाची वही त्यांच्यापुढे सरकवते. हा सिनेमा मी आतापर्यंत चारशे वेळा तरी पाहिला असेल. हसू यायचं विसाव्या वेळीच थांबलं.

तू तो पाहिलेला नाहीस, असं मी धरून चालले होते. चौपन्न साली तो आपल्याच धक्क्यावर काढला, पण थिएटरात लागला तोवर तू कॅनडाला पोचला होतास. गोष्ट अगदीच बाळबोध आहे. एका कप्तानाला मावशीकडून गळकी आगबोट वारसाने मिळते आणि शेतकी प्रदर्शनाला एक बक्षीसपात्र जनावर पोचवायचं काम गळ्यात पडतं. कुठलं जनावर ते तुला सांगायला नकोच. चार पायांचं, शेपटीला वेढा असलेलं, ज्याचं नाव आपल्या बंदरात कुणी तोंडातून काढत नाही. चुकून निघालंच, तर बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेही आधी थंड लोखंडाला हात लावायचा आणि मग पुढचं बोलायचं. तू तिकडे मॅनिटोबात तीच दीडशे पाळतोस. तुझ्या पहिल्या कार्डावरचा फोटो मी बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी खिशातल्या चाकूला हात लावून विचारलं होतं, “खायला काय घालतो म्हणे त्यांना?” एवढंच. पण फोटो परत दिला नाही.

अभिप्राय वाचणं हा माझा दिवसातला खरा उद्योग. लीड्सच्या एका जोडप्याने लिहिलंय, “सिनेमा छान, समुद्र जरा जास्त झाला.” नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी गाठी कुठे कुठे चुकीच्या मारल्या आहेत यावर दीड पान खर्ची घातलं आणि शेवटी “तरीही मजा आली” असं चिडल्यासारखं लिहिलं. सात वर्षांच्या एका मुलीच्या मते सगळ्यात चांगलं काम त्या जनावराने केलंय, आणि माझंही मत फार वेगळं नाही. नॉर्वेहून आलेली चार माणसं भलत्याच जागी हसली. एक बाई फक्त पावसापासून आडोसा म्हणून शिरल्या होत्या, त्यांनी खुर्च्यांची तारीफ केली. पण दहातले सहा जण एकाच जागेबद्दल लिहितात. “एकेचाळिसाव्या मिनिटाला धक्क्यावरचा तो म्हातारा कोळी! काय नट आहे! त्या पोराला काय आपटतो!” बाबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांना सगळेच म्हातारा म्हणतात.

ते कसं घडलं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, पण मी चौदा वर्षांची होते आणि मासळीच्या पेट्यांवर बसून सगळं बघत होते, म्हणून माझ्या बाजूने सांगते. त्या गळपट्टेवाल्या दिग्दर्शकाला गाववाल्यांचे दचकलेले चेहरे हवे होते. तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा आपली माणसं ओंडक्यासारखी उभी. मग तो तुला बाजूला घेऊन गेला. तू एकोणीस वर्षांचा, केसांना तेल चोपडलेलं, सिनेमात दिसायची हौस अंगात मावत नव्हती. त्याने हात वर केला आणि तू बाबांच्या शेजारी उभा राहून तो शब्द ओरडलास. भर धक्क्यावर, बोटी निघायच्या वेळेला. बाबांनी झेप घेऊन तुझं मनगट पकडलं, भिंतीतल्या बोट बांधायच्या लोखंडी कड्याकडे तुला खेचलं, तू गुडघ्यावर आलास, त्यांची टोपी पाण्यात पडली. दिग्दर्शक टाळ्या पिटत होता. संध्याकाळी तू आईला म्हणालास, “सगळ्या गावासमोर मला कुत्र्यासारखं आपटलं त्यांनी.” बाबा शेजारच्या खोलीत जाळं शिवत होते. त्यांनी ऐकलं असणार.

पुढचे तीन आठवडे काही झालं नाही. मग राल्फ, आपला थोरला भाऊ, काकांच्या बोटीवरून समुद्रात गेला. बोट परत आली, तो आला नाही. पाठमोरा उभा राहिला की दार भरून जायचं. दुकानात मिसेस डॅगलिश सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “धाकटा कॅमेऱ्यासमोर दात काढून तो शब्द बोलला ना? आता भोगा.” मी त्यांच्या काउंटरवर साखर सांडून आले, मुद्दाम. बाबा मात्र एक अक्षर बोलले नाहीत. तुझ्याशी नाही, कुणाशीच नाही. जेवायला बसले की ताटाकडे बघायचे. जानेवारीत तू पेटी भरलीस तेव्हा दारात मला म्हणालास, “ते माझं तोंडही बघत नाहीत, थिर्झा. राल्फला मी मारलं असं त्यांना वाटतं, आणि ते खरंच आहे.” मलाही तसंच वाटत होतं. हे मी तुला कधी लिहिलं नाही, आज लिहिते.

एकाहत्तर साली बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. मी रागावले होते, नंतर राग जुना झाला. शेवटच्या आठवड्यात ते पलंगाची लोखंडी दांडी धरून ठेवायचे आणि सारखं म्हणायचे, “माझा हात राहिला. माझा हात राहून गेला.” डॉक्टर म्हणाले, अर्धांगामुळे डावा हात जाणवत नसेल. मी तो हात चोळत बसायची. चाळीस वर्षं मी तेच खरं धरलं होतं.

गेल्या गुरुवारी हेक्सहॅमहून एक बाई आल्या. पियानो शिकवतात, हातांकडे बघायची सवय. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, “ती एकेचाळिसाव्या मिनिटाची जागा पुन्हा लावाल का? आणि थांबवाल?” मी थांबवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, भिंतीवरची लोखंडाच्या रिवाजाची पाटी वाचली आणि वहीत लिहून गेल्या. तसंच्या तसं उतरवते. “लोक इथे का हसतात मला कळलं नाही. हा माणूस मुलाला मारत नाहीये. तो मुलाचा पंजा कड्यावर दाबतोय आणि वरून दोन्ही हातांनी झाकतोय. त्याचा स्वतःचा हात लोखंडाला लागलेलाच नाही. त्याला स्वतःसाठी नको होतं का?” त्या गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि एकटीने पाहिलं. चारशे वेळा पाहूनही मला दिसलं नव्हतं, कारण मी दर वेळी टोपीकडे बघत होते. टोपी पडते आणि दृश्य तिथेच कापलंय. तोवर बाबांचे हात तुझ्या हातावरच आहेत. ऑस्विन, ते तुझ्यावर रागावून गप्प नव्हते रे. त्यांनी हिशेब स्वतःवर लावला होता. तुझा हात लोखंडाला लावला आणि स्वतःचा लावायचा राहिला, म्हणून राल्फ गेला, असं ते सतरा वर्षं मनात घेऊन बसले. तू कॅनडात तेच ओझं वाहत होतास, आणि दोघांच्या मधोमध मी कार्डं टाकत होते.

आता हे आत्ताच का लिहिलं ते सांगते. बाईंनी लिहिलं त्याच्या दोन पानं आधी, वीस सप्टेंबर, मंगळवार, अशी एक नोंद आहे. “सिनेमा सुमार आहे. धक्क्यावरचा माणूस अभिनय करत नाही. ज्याने त्या चार पायांच्या जनावराचं नाव घेतलं त्याला हसू नये, त्यानेही पुढे हसणं सोडलं. एक प्रेक्षक.” नाव नाही. पण छप्पन्न वर्षांची कार्डं माझ्याकडे आहेत आणि तुझं अक्षर मी अंधारात बोटांनी ओळखेन. शिवाय परगावचा माणूस तो शब्द सरळ लिहितो, टाळतो तो आपल्याच बंदरातला. मंगळवारी मार्जरी बसते. ती म्हणाली, “एक उंच म्हातारा होता, सिनेमा दोनदा पाहिला, चहा नको म्हणाला, बाहेर जाऊन त्या कड्यापाशी उभा राहिला, पण हात काही लावला नाही.” माझं घर तिथून नव्वद पावलांवर आहे. मी त्या दिवशी घरीच होते, गुडघा शेकत. तू इतका समुद्र ओलांडून आलास आणि नव्वद पावलं तुला झेपली नाहीत. मला फार लागलं ते. पण भांडणात घालवायला आता आपल्याकडे वर्षं नाहीत. पुन्हा ये आणि ती जागा थांबवून बघ, मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. आणि तो शब्द आपल्या घरात यापुढे कुणी टाळायचा नाही, सुरुवात मी करते. डुक्कर. बघ, लिहिला. डाव्या हातात शेगडीची सळई घट्ट धरली आहे, तुझ्याही वाटची. फक्त मंगळवारी येऊ नकोस.

तुझीच,
थिर्झा