पाटावरचा परशू

५ ऑक्टो. ५८
पुन्हा तेच. खंडेनवमीला माझी कानस नि कॅलिपर पाटावर ठेवू म्हटलं, तर अण्णा नाहीच म्हणतात. "पाटावर पूर्वजांचं शस्त्र असतं. तुझी कारखान्यातली अवजारं नाहीत." थोरले भाऊ पडले. पण डोकं फिरलं.
शस्त्र म्हणजे ते अर्धचंद्रासारखं पातं. ना नाव, ना खूण. घरात सगळे परशू म्हणतात. मूठ चार बोटं! एवढ्या मुठीने कोण लढलं असेल, देव जाणे.

९ ऑक्टो.
वहिनीने पूजेची उपकरणी घासायला काढली. पातं मागून घेतलं. कित्येक वर्षांचं तेल-कुंकू रॉकेलने पुसलं. धार इतकी पातळ की हाडावर पहिल्या घावातच जाईल. डावं टोक चांगलं बोटभर झिजलेलं, उजवं शाबूत. घाव घालून असं झिजत नाही. रोज ढकलून, रोज कापून झिजतं. अवजारच आहे. कशाचं ते...

१२ ऑक्टो., रवि.
सापडलं!! कँटोन्मेंटात जटक्याच्या घोड्यांचे साज शिवणारे रहीमचाचा. पिशवीतून काढलं मात्र, त्यांनी मांडीखालून तस्संच दुसरं काढलं. माझं घेऊन कातड्यावर ढकललं. सरळ पट्टा निघाला. खोगीर करणाऱ्याची रापी.
मग दोन्ही शेजारी ठेवली. त्यांच्या रापीचं उजवं टोक झिजलेलं. म्हणाले, तुमचा माणूस डावखुरा होता.
डाव्याने लिहायचो म्हणून याच हातावर लहानपणी अण्णांच्या पट्ट्या खाल्ल्यात मी. सायकलवर घरापर्यंत एकटाच हसत आलो.

१३ ऑक्टो.
घट बसले. अण्णांना सांगितलं. आवाज चढला. "म्हणजे आपण कातडं कापणारे?"
"खोगीर नसतं तर तुमचे लढवय्ये घोड्यावर कसे बसले असते?"
जेवले नाहीत. वहिनी म्हणाली, स्वल्प दिवस जाऊ देत.

२१ ऑक्टो., खंडेनवमी
आंघोळ करून आलो तर पाट मांडलेला. मधे रापी. शेजारी माझी कानस, कॅलिपर. कुंकूसुद्धा लावलेलं. वहिनी म्हणाली, ह्यांनीच ठेवलं. जिंकलो! आणि डोळेच भरून आले, काय करणार.
शेजारचे रामय्या आले. दरवर्षीचाच प्रश्न, हा परशू कुठल्या लढाईतला? एरवी अण्णा अर्धा तास सांगतात. आज माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "दामू, तूच सांग."
मी रापी उचलली. पूजेतली वस्तू, आणि डाव्या हाताने. अण्णांनी रामय्यांना जवळ बोलावलं, नीट दिसावं म्हणून.