पिकअप भरकटते, त्यात तुमच्या हातांचा दोष नाही

बाबा,

पिकअप मी गॅरेजला नेतेय, अगदी हळू. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

"आता माझ्या हातांत दम नाही" म्हणून तुम्ही गाडी चालवणं सोडलंत, ते मला पटेना. काठोकाठ भरलेला कप तुमच्या हातून कधी हिंदकळत नाही! म्हणून काल मोकळ्या मैदानात मीच चालवून पाहिली. टायरमधली हवा बरोबर होती, तरी गाडी माझ्याही हातात भरकटली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळही होईना.

दादाने हौसेने गाडी उंच करून घेतली, पण नंतर चाकांचे कोन जुळवून घ्यायची अलाइनमेंट केलीच नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला धरणारा दांडा तिरका असतो, म्हणून ती हात सोडूनही सरळ धावते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसा कल लागतो. उंची वाढवताना बहुतेक तोच बिघडला. मेकॅनिककाकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर पकडलंस पोरी, घेऊन ये."

दादावर चिडू नका, हौसेला मोल नसतं. पण तो तुमच्या जागी ड्रायव्हर शोधतोय. त्याला नको म्हणून सांगा. मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा.