वरच्या वस्तीत माणूस एकच

खालची वस्ती, आयत समूर
१२ ऑक्टोबर

ती. ऊर्दियाताईस, मोक्रानचा सलाम.

वि. वि. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पाववाल्याच्या गाडीतून पत्र पाठवतो. यूबाच्या लग्नाला डोंगरावरची सगळी वस्ती खाली उतरली, तीन दिवस राहून कुसकुस चापून गेली. सख्खी आत्या तेवढी रुसून घरी बसली.

नेमका तेव्हाच जनगणनेचा माणूस वर आला. घरोघरी कुलपे! आता सरकारदरबारी वरच्या वस्तीत एकटी तू राहतेस, आणि एका म्हातारीसाठी शाळा कशाला, म्हणून ती बंद होतेय. गाव लग्नाला गेलेय, एवढे सांगता आले नाही? तोंड शिवले होते का? गुरुवारी तो पुन्हा येईल, तेव्हा खरे सांग.

माया आटली असली तरी उत्तर धाड.
मोक्रान


वरची वस्ती
१३ ऑक्टोबर

चि. मोक्रानास आशीर्वाद. नाइलाजाने.

हमरस्त्यावर टायर विकायला पळालास, आणि आता शाळेचा पुळका? वा रे शहाण्या!

गाव कुठे गेले, असे त्याने विचारलेच होते. भाच्याच्या लग्नाला, असे म्हटले असते तर लगेच विचारले असते, मग आत्या इथे कशी? नवरदेवाला मेंदी घरातल्या थोरल्या बाईने लावायची आणि तिला न्यायला भावाने स्वतः यायचे, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळते. तू फोन करवलास, तोही व्याह्यांच्या पोरीकडून! हे परक्यापुढे सांगून तुझी लाज काढू? गाव उठून गेले म्हटले. तुझी अब्रू झाकली, गाढवा.

शाळा बुडू देणार नाही. गुरुवारी सगळे सांगेन. तुझेही.

सुनेला माझे प्रेम. तुला उरले तर.
ऊर्दिया


खालची वस्ती
१४ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम.

सगळे सांग. माझे आधी सांग. तुला न्यायला आलो नाही, त्याला गुडघे दुखतात हे नुसते निमित्त होते. खरे म्हणजे तुझ्या तोंडाला भ्यालो, आणि घरातले शुभकार्य तुझ्यावाचून उरकले. याची मला फार लाज वाटते.

मी उद्याच पायी चढून येतोय. गुरुवारी तो येईल तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा असेन. यूबालाही आणतो. त्याच्या हातावरची मेंदी उडालीय. ताजी भिजवून ठेव.

दार उघडशील ना?
तुझा मोक्रान