ऑर्व्हलच्या डब्यातली चौदा काडतुसे

मी आर्डिस क्वामे, वय एकोणऐंशी, राहणार टिंबर फोर्क, मॉन्टाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही, आणि माझ्यावर दबाव आणणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

कलम १. घर व मागचे गॅरेज भाची लिनेट हिला मिळावे. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिने बदलू नये. तो तिच्या आईच्या डोळ्यांत खुपायचा, म्हणूनच मी दिला होता.

कलम २. माझे यजमान ऑर्व्हल दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा पिकअप ट्रक चर्चला द्यावा, मात्र पाद्रीबुवांनी तो स्वतः चालवू नये. त्यांनी गाडी मागे घेताना माझे कुंपण पाडले आहे. याच ट्रकमधून ऑर्व्हल दर गुरुवारी कोंबड्यांचे खाद्य आणायला जात आणि तीन तासांनी परत येत. कधी कधी खाद्याशिवायच. मी कधी विचारले नाही.

कलम ३. काडतुसे भरायचा बाक, गोळी बसवायचा प्रेस, बंदुकीची दारू मोजायचे माप आणि सर्व रिकाम्या पुंगळ्या विल्मा रास्क हिला द्याव्यात. माझ्याकडे काडतुसे भरायला शिकायला आलेली गावात ती एकटीच. आमच्या नेमबाजी क्लबला यातला एक खिळासुद्धा मिळू नये. क्लबचा सेक्रेटरी बर्डेट स्ट्रूप माझ्या काडतुसांना भर सभेत "बायकी बार" म्हणाला होता. बर्डेट, त्या बायकी बारांनी ऑर्व्हलने तुला सात वर्षे ओळीने हरवले, हे या कागदावर राहू दे.

विल्मासाठी लिहिते. ऑर्व्हलचे रिव्हॉल्व्हर त्यांच्या आजोबांचे होते. नळी मोठी, पण लोखंड जुने आणि नरम. त्याला हलकाच बार लागे. मोठ्या पुंगळीत तळाशी चिमूटभर दारू, वरती सगळी जागा मोकळी. धोका तिथेच आहे. चुकून दुसरे माप पडले तरी पुंगळी उतू जात नाही. म्हणून पुंगळ्या फळीवर ओळीने उभ्या करायच्या, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत दिवा धरून बघायचे, आणि माप हातात असताना साक्षात देव आला तरी त्याच्याशी बोलायचे नाही.

कलम ४. माझा दीर डेलमर क्वामे यास काहीही देऊ नये. अकरा वर्षांपूर्वी क्लबच्या स्पर्धेत ऑर्व्हलचे रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात फुटले. उजव्या हाताची दोन बोटे गेली. डेलमरकडे त्याच मापाचे नवे, दणकट रिव्हॉल्व्हर आहे आणि त्यासाठी तो दात हलतील असे बार भरतो. त्या सकाळी तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आज ऑर्व्हलला खरा दणका कसा असतो ते दाखवू." त्यानेच आपले एक काडतूस गंमत म्हणून ऑर्व्हलच्या डब्यात सरकवले, असे मी तेव्हा म्हटले, दवाखान्यात म्हटले, क्लबमध्ये म्हटले. अकरा वर्षांत त्याने एकदाही "मी नाही" म्हटलेले नाही. निर्दोष माणूस इतका गप्प बसतो का? ऑर्व्हलच्या अंत्यविधीला आला तेव्हा मी त्याला चर्चच्या दारातून परत पाठवले. माझ्या वेळीही तसेच करावे.

ऑर्व्हल पुढे डाव्या हाताने नेम धरायला शिकले. दुसरे रिव्हॉल्व्हर घेतले. काडतुसे मात्र माझ्याच हातची.

कलम ५. त्या दिवशीच्या डब्यातली चौदा काडतुसे मी कॉफीच्या डब्यात जपून ठेवली आहेत. माझ्यामागे ती क्लबच्या सभेत सर्वांसमोर फोडून दारू मोजावी, म्हणजे माझा हात चुकला नव्हता हे बर्डेटला कळेल.

वरचे लिहून झाल्यावर मनात आले, क्लबवाले तोंड पाडून बसतील तेव्हा मी बघायला नसणार. मग आधी आपणच मोजावे. आज सकाळी बाकावर बसून एकेक काडतूस गोळी काढायच्या पोकळ हातोडीत घालून ठोकले आणि गोळी बाहेर काढली. आठ काडतुसांत माप बरोबर निघाले. नवव्यात दारूच नव्हती. एक कणही नाही.

ज्याने कधी काडतूस भरले आहे त्याला पुढचे सांगायला नको. इतरांसाठी सांगते: एक पुंगळी कोरडी राहिली, म्हणजे तिचे माप शेजारच्या पुंगळीत पडले. ती दोन मापांची पुंगळी उरलेल्या पाचांत नव्हती; ती ऑर्व्हलच्या हातात गेली.

आणखी एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. मी ती काडतुसे भरत होते तेव्हा डेलमर गॅरेजच्या दारात आला आणि म्हणाला, "काय आर्डिस, पाळण्यातल्या पोरांसाठी भरतेस का?" माप माझ्या हातात होते. मी त्याला उत्तर दिले. चांगले लांबलचक दिले. मग रागाच्या भरात त्या ओळीत दिवा न धरताच गोळ्या बसवल्या.

कलम ६. कलम ४ रद्द. कलम ५ क्लबमध्ये मोठ्याने वाचावे. बर्डेटला हसायचे असेल तर हसू द्यावे.

कलम ७. अकरा वर्षांनी मी डेलमरला फोन केला. वीस मिनिटांत तो टोपी हातात घेऊन दारात उभा. मी कागद पुढे केला आणि म्हटले, "वाच. मग सही कर." त्याने उभ्यानेच वाचले.

"ऑर्व्हलला माहीत होतं," तो म्हणाला. "मी शपथ घेऊन सांगितलं, त्याला पटलं. म्हणाला, तू गप्प राहा. तिला कळलं तर ती त्या बाकावर पुन्हा बसायची नाही."

"आणि तू गप्प बसलास."

"माप तुझ्या हातात असताना बोलायला तर मीच आलो होतो ना त्या दिवशी."

मी गुरुवारचे विचारले. ते तीन तास ऑर्व्हल डेलमरच्या स्वयंपाकघरात बसत. माझ्या हातचा केक चोरून नेत.

मला दोघांचाही संताप आला आहे आणि तो राहणार आहे. अकरा वर्षे मला लहान मुलासारखे सांभाळले यांनी. पण ऑर्व्हल सगळे माहीत असून पुढे नऊ वर्षे माझ्याच हातची काडतुसे झाडत राहिले, एकदाही उघडून न बघता.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा रिवाज आहे. डेलमरला काही मिळत नाही, तेव्हा तो साक्षीदार म्हणून चालेल. माझ्या अंत्यविधीला त्याने पहिल्या बाकावर बसावे आणि नंतर चर्चच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या पंगतीत पोटभर जेवावे. दाराशी कोणी अडवल्यास हा कागद दाखवावा.

सही: आर्डिस क्वामे
साक्षीदार: ग्लेनिस टॉफ्ट, शेजारीण (मजकूर वाचू दिलेला नाही)
साक्षीदार: डेलमर क्वामे, दीर (संपूर्ण वाचून)
ठिकाण: टिंबर फोर्क, माझे स्वयंपाकघर
दिनांक: २४ ऑक्टोबर २०१९, गुरुवार. केक आहे.