चौथा छर्रा

देवळी, मंगळवार, संध्याकाळ

चौथा छर्रा उशिरा पडतो. आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं मला, आणि तरी रोज 'बरोबर आहे' म्हणते. काऊन म्हणते?

स्वीडनच्या एका बँडचा व्हिडिओ पाहून यांनी हे यंत्र बांधायला घेतलं. त्या लोकांचं यंत्र पोलादी गोळ्या टाकून अख्खं गाणं वाजवतं. यांचं सायकलच्या चाकावर फिरतं आणि नळ्यांतून बेअरिंगचे छर्रे पितळी ताटल्यांवर टाकतं. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते, मशीन यांना समजते. पण त्याच जिनिंगच्या आवाजानं कान गेले. ताल सगळा माझ्या भरवशावर, मी शाळेतली गाण्याची बाई.

परवा स्नेहसंमेलनात माझ्या वर्गातल्या मुली याच यंत्रावर गाणार आहेत. छर्रा मागे राहिला की त्या अडखळतील आणि लोक यांना हसतील. सांगावं तर हे सगळं खोलून बसतील. मग वेळेत जोडून झालं नाही तर?

मघाशी यांनी पुन्हा विचारलं, "बराबर वाजून राह्यलं ना?"

मी मान डोलावली. यांनी चाक थांबवलं, पाना घेतला आणि नेमकी चौथीच नळी सैल करायला लागले.

"तुम्हाला ऐकू आलं?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"नाई. तुह्या पायाकडे पाहून राह्यलो होतो. ताल धरते अन् चौथ्याले अडते."

मी पाय मागे घेतला.

"आठ दिवस झाले अडून राह्यला तो," हे म्हणाले. "म्हटलं, सांगशील कधीतरी."