दोराला दोन हिसके

चि. हिरोसाहेब,

अंतराळपटाच्या पहिल्या भागात तू झकास तरंगलास आणि मुलाखतीत म्हणालास, "कुणाच्याही मदतीशिवाय शिकलो." त्या तरंगण्यासाठी खाली तुझा दोर ओढून माझे तळवे सोलून निघाले होते. मी तुझ्याशी बोलणं टाकलं, ते आजवर.

आता दुसऱ्या भागात मित्राला वाचवायला तू यानातून उडी घेणार. डायरेक्टर म्हणाले, "दोराला दुसरा माणूस घेऊ?" म्हटलं, "माझ्या भावाचा दोर? मी मेले की द्या दुसऱ्याला."

राग गेलेला नाही, म्हणून हे पत्र माझ्या खिशातच राहील. पण उद्या उडीआधी दोराला आपले नेहमीचे, 'मी धरलंय' सांगणारे दोन हिसके बसतील. खाली बघू नकोस. बिनधास्त सूट.

अजून रागावलेली,
ताई